दोनशे आठ पाटांची जमीन

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. मोजून सांगायचं तर दोनशे आठ पाट, म्हणजे एकमेकांत अडकणारे फळ्यांचे सुटे तुकडे. सोळा रांगा आणि प्रत्येक रांगेत तेरा. शिवाय अडीअडचणीला दोन पाट जादा. प्रत्येक पाटाच्या पोटाला रबराच्या बारा गाद्या, कडेला चार खिट्ट्या. माझ्या अंगावर बास्केटबॉलच्या मैदानाच्या पांढऱ्या रेषा, आणि त्यांच्याखाली नीट पाहिलं तर एका जुन्या निळ्या वर्तुळाची पुसट खूण. ते वर्तुळ आधी चुकीच्या जागी काढलं होतं. एवढी मी.

मित्रांनो, जमीन म्हटली की ती एका जागी पडून असणार असं तुम्हाला वाटेल. मी नसते. मला उचलतात, रचतात, ढकलगाडीवर घालतात, गोदामात उभी करतात आणि पुन्हा आणून पसरतात. माझ्याखाली कधी काँक्रीट असतं, तर कधी माझ्यावर माझेच पंधरा पाट. एखादा आठवडा सलग पडून राहिले, तर मलाच चुकल्यासारखं होतं. आता कोण उचलणार, कुठे नेणार, याचीच हुरहूर लागून राहते.

माझं लाकूड थंड डोंगरातल्या झाडांचं. तिथे झाडं हळू वाढतात, म्हणून लाकूड घट्ट होतं. ते कापलं, महिनोन्‌महिने वाळवलं, तासलं, वर चकचकीत लेप दिला. पण एक गोष्ट कारखान्यालाही जमली नाही. झाड कापलं तरी लाकडाची पाणी प्यायची सवय जात नाही. हवेत ओल आली की लाकूड ती पितं आणि आडवं फुगतं. हवा कोरडी झाली की ते पाणी सोडतं आणि आकसतं. एका पाटात हा फरक एरवी केसाएवढा. सोळा पाट शेजारी शेजारी ठेवले की सोळा केसांची जुडी होते, आणि तिला कुठेतरी जागा लागतेच.

मी आले तेव्हा हे उपनगर म्हणजे शहराची झोपायची खोली होतं. सकाळी माणसं बसमध्ये बसून शहरात जात, तिथेच कमावत, तिथेच खर्च करत आणि अंधार पडला की जांभया देत परत येत. इथे एक बंद पडलेला काचेचा कारखाना, एक औषधांचं दुकान आणि एक शिवणकामाची खोली होती. पाहुणा आला तर त्याने मुक्काम कुठे करायचा, याला उत्तर नव्हतं.

नगरपालिकेच्या अध्यक्षांनी काचेच्या कारखान्याची जागा घेतली आणि तिथे खेळाचं मोठं सभागृह बांधलं. बाहेरगावचे संघ येतील, त्यांच्यामागे प्रेक्षक येतील, प्रेक्षकांना भूक लागेल, झोप येईल, असा साधा हिशेब होता. सभागृह चालवायला एक तरुण व्यवस्थापक नेमली. सगळे तिला बाई म्हणत. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, की नुसत्या सामन्यांवर ही इमारत जगणार नाही. एका आठवड्यात सामना, दुसऱ्यात प्रदर्शन, तिसऱ्यात गाण्याचा कार्यक्रम असं हवं. म्हणून पक्की ठोकलेली जमीन न घेता सुटी होणारी जमीन घ्यायचं ठरलं. अशी माझी निवड झाली. माझी भटकंती त्या बैठकीतच ठरली म्हणायची.

मला पसरण्याचं काम मुकादमाकडे आलं. उंच, काटक माणूस. हाताखाली दहा जण. पूर्वी तो काचेच्या कारखान्यात तावदानं बसवायचा. काच बसवणाऱ्याला फट म्हणजे शिवी. सांध्यातून वारा आला की काम वाया. तोच हात घेऊन तो माझ्याकडे आला. पाटाला पाट असा भिडवायचा, की दोघांमध्ये कागद शिरू नये. शेवटचा पाट बसला की बूट काढून त्यावर उभा राहायचा आणि टाच आपटून आवाज ऐकायचा. आवाज भरीव आला की मान डोलवायचा.

हे पाहायला हळूहळू लोक जमू लागले. आधी बसची वाट बघणारे चार जण डोकावले, मग त्यांची मुलं आली. बाईंनी हुशारीने वरची गॅलरी उघडून दिली. दहा माणसं काँक्रीटचं पटांगण बघता बघता लाकडाने झाकून टाकतात, हे बघण्यासारखं होतंच. टाच आपटली की टाळ्या पडत. मुकादम मागे वळूनही बघत नसे; पण त्याचे कान लाल होत, ते मला खालून दिसे.

समोरची शिवणकामाची खोली मुकादमाच्या मेहुणीची होती. बायकोची धाकटी बहीण. सहा मशीन, शाळेच्या गणवेशांचं काम, आणि जीभ कात्रीसारखी. मुकादम तिच्या मागेच लागला. संघ येतात, त्यांना राहायला जागा नाही, मशीन काढून टाक आणि खोल्या कर, असं त्याने तिला वर्षभर ऐकवलं. तिने शेवटी मशीन विकल्या, वर मजला चढवला आणि सहा खोल्यांचं लॉज थाटलं. पहिल्या दिवशी किल्ल्या दाखवायला ती सभागृहात आली आणि माझ्या कडेला उभी राहून म्हणाली, "भावोजी, खोल्या रिकाम्या राहिल्या तर तुमच्याकडेच जेवायला येणार मी. रोज. दोन्ही वेळेला."

"ये की," मुकादम म्हणाला. "तुझी ताई स्वयंपाक करते, माझं काय जातं?"

खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. महिलांच्या बास्केटबॉलची साखळी स्पर्धा दरवर्षी इथे भरू लागली. उंच उंच मुली लॉजच्या दारातून वाकून आत जात. मेहुणीने पलंग लांब करून घेतले. सभागृहाशेजारी पोहण्याचा तलाव झाला, त्याच्यापुढे सायकलींची धावपट्टी. बुटांचं दुकान आलं, हाडांचे डॉक्टर आले, त्यांच्या मागोमाग मालिशवाले आले. नव्या इमारतींच्या जाहिरातींत 'मैदानापासून चालत' असं छापून येऊ लागलं. औषधांचं दुकान मात्र मागच्या गल्लीत गेलं, कारण पुढच्या गल्लीचं भाडं दुकानापेक्षा जोरात धावायला लागलं होतं. उपनगराला आता झोप येत नव्हती. मलाही नव्हती. सामना झाला की उचल, प्रदर्शन झालं की पसर. माझ्या खिट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या.

याच धावपळीत दोन बदल झाले. तेव्हा त्यांत कोणालाही वावगं दिसलं नाही.

पहिला बदल गोदामाचा. जुन्या गोदामात दुकानं काढायची म्हणून बाईंनी मला तलावाच्या मागे हलवलं. तलावाचं पाणी तापवणारा बॉयलर भिंतीच्या पलीकडेच होता. भिंत कायम गरम, हवा पापडासारखी कोरडी. तिथे उभ्या उभ्या माझे पाट आकसत गेले.

दुसरा बदल खुर्च्यांचा. माझ्या दोन्ही बाजूंना पुढे सरकणाऱ्या खुर्च्या बसवल्या, आणि त्या अडवायला खालच्या काँक्रीटमध्ये लोखंडी रूळ पक्के केले. मी दोन रुळांच्या मधे आले. आकसलेली असल्यामुळे माझी कड आणि रूळ यांच्यामध्ये काळी फट दिसायची. एका सामन्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्यात ती फट ठळक उमटली. अध्यक्षांनी फोटोवर बोट ठेवून मुकादमाला विचारलं, की काम अर्धवट का सोडलंस. विचारलं हसत, पण दहा जणांसमोर.

तावदानं बसवलेल्या माणसाला हे झोंबलं. त्याने माझ्याच रंगाच्या लाकडाच्या पाचरी तयार केल्या, घासल्या, लेप दिला आणि दोन्ही बाजूंना एकेक ठोकून फट अशी बुजवली, की कुठे मी संपते आणि कुठे पाचर सुरू होते ते कळू नये. अध्यक्षांनी पाठ थोपटली. पाहुणे आले की मुकादम त्यांना कडेला नेऊन म्हणायचा, की नख घालून दाखवा. कोणाचंही नख जात नसे. मी मात्र त्या दिवसापासून अवघडले. दोन्ही कुशीला भिंत लागलेल्या माणसाने झोपून बघावं, म्हणजे कळेल.

त्या वर्षीच्या स्पर्धेत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सभागृह खचाखच भरलं होतं. हजारो माणसं, ओल्या छत्र्या, ओले बूट, आणि ओरडताना सुटणारा हजारो माणसांचा श्वास. बॉयलरपाशी महिनाभर तहानलेले माझे पाट ती ओल घटाघटा प्यायले. मी फुगू लागले. डावीकडे सरकायला गेले तर पाचर, उजवीकडे गेले तर पाचर. मी कुरकुरले. वर इतका गोंगाट होता, की माझी कुरकुर कोणाच्या कानांपर्यंत पोचणार? ज्या गर्दीसाठी हे सभागृह बांधलं, त्याच गर्दीचा श्वास माझ्या अंगात भरत होता आणि मला तो ठेवायला जागा नव्हती.

उपांत्य सामन्यात माझी अकरावी रांग वर उचलली गेली. उंचवटा तळहाताएवढाही नव्हता, पण धावत आलेल्या मुलीने चेंडू आपटला आणि तो तिच्या हाताकडे न येता बाजूला उडाला. ती थबकली. तिने पुन्हा आपटला, चेंडू पुन्हा भलतीकडे गेला. पंचांनी शिट्टी वाजवली, गुडघे टेकून माझ्यावर हात फिरवला आणि सामना थांबवला. राहिलेले सामने दुसऱ्या शहरात हलवले.

साखळी स्पर्धेच्या तपासनीस बाई आल्या, बघून गेल्या. दोन महिन्यांनी इथे एक छोटी स्पर्धा घेऊ, असं त्यांनी कळवलं. तीन मीटरची सरळ दांडी जमिनीवर ठेवायची. तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी कुठेही निघाली, तर मोठी स्पर्धा कायमची दुसरीकडे जाईल. जमीन सपाट राहिली, तर स्पर्धा इथेच राहील.

लॉजमध्ये उतरणाऱ्या दोन संघांनी खोल्या रद्द केल्या. मेहुणी मुकादमासाठी चहा घेऊन आली, पेला त्याच्या शेजारी ठेवला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. टोमण्याची वाट बघणाऱ्या मुकादमाला ते जास्त लागलं.

मुकादमाचं म्हणणं पडलं, की काँक्रीटमधून ओल आली. बाईंचं म्हणणं पडलं, की जमीन म्हातारी झाली. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या जमिनीची चकचकीत माहितीपुस्तिका आली. मी ती पाहिली नाही. पण मला उचलणारे दोघे तिच्याबद्दल बोलत होते. ती धुता येते म्हणे. फुगत नाही, आकसत नाही, काही पीत नाही. मित्रांनो, माझे दिवस भरले असं मी धरून चालले.

पण मला उचलायचं तर आधी पाचरी काढायला हव्या होत्या. मुकादमाने पहार लावली. पाचर निघेना. ज्या पाचरी त्याने रबरी हातोडीने अलगद बसवल्या होत्या, त्या आता दोन माणसांच्या जोरानेही हलेनात. शेवटी एक फुटून बाहेर आली. तिची कड चेचून कुंच्यासारखी झाली होती. मुकादम ती हातात घेऊन माझ्यावरच मांडी घालून बसला. बाई आल्या तेव्हाही तो तसाच बसून होता.

"ओल खालून नाही आली," तो म्हणाला. "हिला जागा हवी होती. मी कोंडली हिला."

 बाईंनी गोदामातून जादाचा एक पाट मागवला, जो वर्षभर बॉयलरच्या भिंतीलाच टेकून होता. माझा एक पाट त्याच्याशेजारी ठेवला आणि दोघांची रुंदी मोजली. माझा पाट तीन मिलिमीटरने जास्त रुंद निघाला. त्यांनी मनातल्या मनात सोळाने गुणलं असावं, कारण त्या एकदम खाली बसल्या.

"गोदाम मी हलवलं तिकडे," त्या म्हणाल्या. "जागा वाचवली म्हणून शाबासकीपण घेतली."

 रिकामा पेला न्यायला आलेली मेहुणी दारात उभी राहून ऐकत होती. तिला लाकडातलं काही कळत नव्हतं, आणि तिने तसं सांगितलंही. पण सहा खोल्यांचं काय होणार, हे तिला कळत होतं.

"वाढत्या अंगाचा कपडा शिवताना आम्ही आत कापड दुमडून ठेवतो, भावोजी," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर सहा मशीन विकल्या मी. आता हिच्यासाठी काय दुमडायचं ते तुम्ही दोघं बघा."

मग जे झालं ते सोपं नव्हतं. मला पुरेशी जागा द्यायची तर एका बाजूचा रूळ मागे न्यायला हवा होता, आणि रूळ मागे न्यायचा तर पुढच्या खुर्च्यांची अख्खी रांग काढावी लागणार होती. सगळ्यात महाग तिकिटांची रांग. अध्यक्षांची खुर्चीही तिच्यातच.

"मग मी कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं.

"मागे, सर," बाई म्हणाल्या. "तिथून जास्त दिसतं."

रांग निघाली. गोदाम बॉयलरपासून हललं. स्पर्धेच्या आधी एक घरसामानाचं प्रदर्शन ठरलं होतं, ते बाईंनी रद्द केलं, आणि त्या मोकळ्या दिवसांत माझे पाट सभागृहात सुटे सुटे उभे करून ठेवले, म्हणजे तिथल्या हवेतली ओल मी आधीच पिऊन घ्यावी. बाजारपेठ कुरकुरली. सभागृह बंद म्हणजे गल्ला बंद. मला पसरताना बघायला नेहमीची माणसं आली आणि नुसत्या उभ्या फळ्या बघून परत गेली. एकाने जाता जाता विचारलं, की दुकान मांडलंय का.  मुकादम दिवसातून तीनदा माझ्या पाटांना टेप लावत होता आणि आकडे बाईंना ओरडून सांगत होता.

मग त्याने मला पसरलं. एका बाजूने रुळाला टेकवलं आणि दुसऱ्या बाजूला मोकळी फट सोडली. ती सोडताना त्याचा हात अडखळला. हातोडी खाली ठेवून तो त्या काळ्या फटीकडे असा बघत होता, जसा शर्टाचं बटण उघडं राहिलेल्या माणसाकडे आपण बघतो. मग त्याने तिच्यावर लाकडाची झाकणपट्टी ठेवली. तिची एक कड रुळाला पक्की होती आणि दुसरी माझ्यावर नुसती टेकलेली. म्हणजे मला तिच्याखालून सरकता येणार होतं.

स्पर्धा सुरू झाली आणि सगळं उपनगर लोटलं. काहींना खेळ बघायचा होता, बऱ्याच जणांना मी टिकते की नाही ते बघायचं होतं. बुटांच्या दुकानाचा मालक दुकान बंद करून आला. लॉजच्या सहाही खोल्या भरल्या होत्या. पण मेहुणीने पुढच्या वर्षाचं आगाऊ बुकिंग एकाचंही घेतलं नव्हतं. पाऊस आला. मी पुन्हा पिऊ लागले, पुन्हा फुगू लागले. पट्टीखालून पुढे पुढे सरकत होते आणि पुढे किती जागा उरली आहे, ते मलाच माहीत नव्हतं. वर टाळ्या पडत होत्या. कोणत्या क्षणी माझी कड रुळाला लागेल, याचीच मला धाकधूक होती.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा गावात माझ्यासारखी जमीन असेल, तर एवढं करा. ओल्या छत्र्या बाहेर ठेवा. बुटांचे तळवे पुसून आत या. मला गरम भिंतीशी उभं करू नका. आणि माझ्या कडेला काळी फट दिसली, तर तिच्यात गोळ्यांचे कागद कोंबू नका, आणि कोणी कामात कुचराई केली असंही समजू नका. ती जागा मोजून ठेवलेली असते. तुम्ही जितक्या मोठ्या संख्येने याल, तितकी मला ती जास्त लागेल. आणि तुम्ही यावं, असं तर मला वाटतंच.

शेवटचा सामना संपला. माणसं जागेवरून उठली नाहीत. तपासनीस बाई मैदानात आल्या आणि त्यांनी सरळ दांडी माझ्या अकराव्या रांगेवर ठेवली. मग दहाव्या, मग बाराव्या, मग उरलेल्या सगळ्या रांगांवर. दांडीखाली पातळ पत्र्याच्या मापपट्ट्या सरकवून त्या बघत होत्या. गॅलरीत मेहुणी कठडा धरून उभी होती. मुकादमाने बूट काढले होते, ते घालायचं त्याला सुचलं नव्हतं.

सगळ्यात जास्त पोकळी अकराव्या रांगेत निघाली. दोन मिलिमीटर.

तपासनीस बाईंनी कागदावर सही केली. मुकादम झाकणपट्टीपाशी गेला, तिचे स्क्रू काढले आणि ती बाजूला ठेवली. आमच्या बाईंनी टेपचं एक टोक रुळाला धरलं, दुसरं माझ्या कडेला. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी ती फट पन्नास मिलिमीटर होती. आता नऊ होती.